विद्यापीठातील जनसंपर्क आणि शासकीय समन्वय : या क्षेत्रात यावे का?

भीमाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील असून गेली सात वर्षे एका मराठी दैनिकासाठी शिक्षण क्षेत्राची बातमीदारी करते. प्रवेशप्रक्रिया, लांबलेले निकाल, अधिसभेच्या (सिनेटच्या) बैठका, प्राध्यापक संघटनांची आंदोलने आणि रखडलेली शिष्यवृत्ती हे माझे रोजचे विषय आहेत. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले, तेव्हा मी या कामात अगदी नवखी होते. एका नावामागे किती निवेदने, किती मोर्चे आणि मंत्रालयातील किती कागद असतात, हे मला तेव्हा प्रथम जवळून दिसले. विद्यापीठ आणि शासन यांच्यातील व्यवहाराविषयीचे माझे कुतूहल तेव्हापासूनचे आहे.

आता माझ्यापुढे दोन संधी आहेत. एका सार्वजनिक विद्यापीठाने जनसंपर्क अधिकारी या पदासाठी कंत्राटी तत्त्वावर जाहिरात दिली आहे आणि पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने ‘शासकीय समन्वय व संवाद’ अशा नावाच्या पदासाठी मला भेटायला बोलावले आहे. वृत्तपत्र सोडण्याची मला घाई नाही. परंतु पान छपाईला सुटल्यावर रात्री बाराच्या सुमारास घरी पोहोचायचे, तोवर पाच वर्षांची मुलगी झोपलेली असायची आणि पगार मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी, हे आता किती काळ चालवायचे याचा विचार टाळता येत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. बाहेरून पाहता जनसंपर्क अधिकारी म्हणजे कार्यक्रमाचे छायाचित्र आणि प्रसिद्धीपत्रक पाठवणारी व्यक्ती एवढेच दिसते. प्रत्यक्षात या पदाला निर्णयप्रक्रियेत काही स्थान असते का? दुसरी शंका शासकीय समन्वयाविषयी आहे. मंत्रालयात फायलीमागे फिरणे यापलीकडे त्या कामाचे स्वरूप काय आणि ते शिकायचे कुठे? तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते. ज्या संस्थांना मी सात वर्षे त्यांच्या चुकांचा जाब विचारत आले, त्यांच्यापैकीच एकीच्या वतीने उद्या मला बोलावे लागेल. तेव्हा मला खोटे बोलावे लागेल का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कात्रणवही यांचे उत्तर

ताई, तुमच्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिल्या शंकेचे उत्तरही तिच्यातच आहे. मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात एकोणीस वर्षे काम केले. खोटे बोलावे लागत नाही. मात्र खरे काय ते वेळेत मिळावे म्हणून आपल्याच माणसांशी रोज झगडावे लागते, आणि ते झगडणे हेच या पदाचे खरे काम आहे. विद्यापीठाचा निरोप बाहेर पोहोचवणे हा त्या कामाचा सोपा भाग. बाहेरची अस्वस्थता त्याच दिवशी कुलगुरूंच्या टेबलापर्यंत पोहोचवणे हा कठीण भाग, आणि तो टाळणारे पुष्कळ असतात.

माझ्या चौथ्या की पाचव्या वर्षीची गोष्ट सांगतो. बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाचा निकाल रखडला होता आणि वार्ताहरांचे फोन सुरू होते. मी परीक्षा विभागाला विचारले, तेव्हा ‘दोन दिवसांत लागेल’ असे उत्तर मिळाले आणि मी तेच माझ्या नावाने वृत्तपत्रांना दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आपल्या वडिलांसह एसटीने तालुक्याच्या गावाहून आली. तिच्या हातात चार घड्या घातलेले कात्रण होते. तिने ते माझ्या टेबलावर ठेवले, हाताने सपाट केले आणि ‘साहेब, यात तुमचे नाव आहे’ एवढेच म्हणाली. निकाल लागलेला नव्हता आणि तो का लागलेला नाही हे मलाही ठाऊक नव्हते. त्या रात्री मी स्वतः परीक्षा भवनात जाऊन बसलो. दोन विषयांच्या गुणयाद्या एका मूल्यांकन केंद्रावरून आल्याच नव्हत्या, म्हणजे ‘दोन दिवस’ हा कुणाचाही हिशेब नव्हता, तो फोन ठेवण्यासाठी उच्चारलेला शब्द होता. त्यानंतर ज्या गोष्टीवर तारीख अवलंबून आहे ती डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी कधीही तारीख दिली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही निवेदन काढले ते असे : अमुक दोन विषयांचे गुण यायचे आहेत, ते आल्यावर निकालपत्रक तयार होण्यास किमान तीन दिवस लागतील आणि परवा दुपारी चार वाजता पुढची स्थिती कळवण्यात येईल. त्या निवेदनाने कुणाचे समाधान झाले नाही, पण परवा चार वाजता फोन मी केले, वार्ताहरांना करावे लागले नाहीत.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे प्रकरण तुम्ही बातमीदार म्हणून वाचलेच असेल. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना घेतला गेला. तत्कालीन राज्यपाल व कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्यास सांगितले होते, परंतु ती तारीख टळली आणि शेवटचे निकाल हाती येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. २४ ऑक्टोबरला कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मूळ दोष नियोजनाचा होता यात वाद नाही. पण मी ते दिवस या व्यवसायातील माणूस म्हणून पाहत होतो, आणि मला जाणवले ते हे की, विद्यार्थ्यांचा विश्वास उशिराने जेवढा गेला त्याहून अधिक एकामागून एक टळलेल्या तारखांनी गेला. परदेशी प्रवेशाचे पत्र हाती असलेल्या मुलाला निकाल आणखी पाच आठवडे लागणार नाही असे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर त्याला तात्पुरते प्रमाणपत्र मागण्याचा किंवा मुदत वाढवून घेण्याचा मार्ग तरी शोधता आला असता.

निर्णयप्रक्रियेतील स्थानाविषयी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, अधिष्ठाता यांची पदे आणि कर्तव्ये नावानिशी दिलेली आहेत. जनसंपर्क अधिकाऱ्याचे स्थान त्या पंक्तीत नाही. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद यांपैकी कुठेही तुम्ही सदस्य नसता. अधिसभेत तुम्ही आजवर पत्रकारांच्या रांगेत बसत होता, आता भिंतीलगतच्या खुर्चीवर बसाल. तरीही निर्णय होण्यापूर्वी ‘हे बाहेर कसे दिसेल’ असे कुलगुरूंनी तुम्हाला विचारावे अशी वेळ येते. मात्र ती दोन-तीन वर्षे तुम्ही न आवडणारी गोष्ट वेळेवर आणि खासगीत सांगितली असेल तरच येते. काही विद्यापीठांत हे पद मंजूर आहे, काही ठिकाणी ते अकरा महिन्यांच्या आदेशावर चालते, तर काही ठिकाणी एखाद्या प्राध्यापकाकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार असतो. त्यामुळे एकाच पदनामाचा माणूस एके ठिकाणी कुलगुरूंच्या दालनात थेट जातो आणि दुसरीकडे त्याला कुलसचिवांच्या स्वीय सहायकाकडे वेळ मागावी लागते.

नावाविषयी तुम्ही लिहिलेत म्हणून एक गोष्ट जोडतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसे मारली गेली, वस्त्या जळल्या. आमच्या पिढीतील मराठवाड्याच्या माणसाला विद्यापीठाचे नाव म्हणजे पत्रकावरचा मथळा एवढेच कधी वाटत नाही. प्रसिद्धीपत्रकात जागा वाचवण्यासाठी विद्यापीठाच्या नावातील शब्द गाळणाऱ्या नव्या सहकाऱ्याला मी हा इतिहास समोर बसवून सांगत असे. तुम्हाला तो सांगावा लागणार नाही, आणि माझ्या दृष्टीने ती तुमची मोठी पात्रता आहे.

दिवस कसा जातो, हे थोडक्यात सांगतो. सकाळी कात्रणे आणि वाहिन्यांवरील बातम्यांचा गोषवारा, नऊच्या आत कुलगुरूंकडे. मग खुलासे, पत्रके, संकेतस्थळावरील सूचना, समाजमाध्यमांवरील विद्यार्थ्यांचे प्रश्न. दीक्षान्त समारंभाच्या महिन्यात बाकी सर्व मागे पडते, कारण कुलपती येणार असतील तर मिनिटामिनिटाचा कार्यक्रम आधी मंजूर करून घ्यावा लागतो. माहितीच्या अधिकाराचे अर्ज तुमच्याकडे नसतात, ते जनमाहिती अधिकाऱ्याकडे असतात. पण २००५ च्या त्या अधिनियमाचे कलम ४ नीट वाचा. कुणी मागण्याआधी काय जाहीर केले पाहिजे हे त्यात लिहिलेले आहे आणि आतल्या माणसाला माहिती देण्यास राजी करताना त्या कलमाचा फार उपयोग होतो.

टिप्पणी यांचे उत्तर

मी मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. त्यापूर्वी बरीच वर्षे उच्च व तंत्र शिक्षण विभागात कक्ष अधिकारी होतो, म्हणजे विद्यापीठांचे लोक ज्या टेबलासमोर येऊन उभे राहतात त्या टेबलाच्या आतल्या बाजूस होतो. भगिनींच्या दुसऱ्या शंकेवर लिहितो.

‘फायलीमागे फिरणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे, परंतु त्याने कामाचे चुकीचे चित्र उभे राहते. विद्यापीठाला नवीन पद निर्माण करायचे असेल तर शासनाची पूर्वमान्यता लागते. तो प्रस्ताव संबंधित कार्यासनात, म्हणजे तो विषय पाहणाऱ्या शाखेत येतो, कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, ती अवर सचिव आणि उपसचिवांमार्फत वर जाते, वित्त विभागाची सहमती घ्यावी लागते, आणि आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याचा प्रश्न असेल तर तो सचिवांच्या उच्चस्तरीय समितीपुढे जातो. यातील प्रत्येक टप्प्यावर नस्ती (फाईल) परत येऊ शकते. माझ्या अनुभवात ती परत येण्याचे कारण बहुधा अगदी लहान असे : व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाची प्रमाणित प्रत जोडलेली नसे, किंवा प्रस्तावात रिक्त पदे एक असत आणि सोबतच्या विवरणपत्रात दुसरीच. त्रुटी काढून आम्ही पत्र पाठवत असू, ते विद्यापीठाच्या आवक शाखेत पडून राही, आणि तीन महिन्यांनी विद्यापीठाचे शिष्टमंडळ थेट मंत्रिमहोदयांना भेटून ‘विभाग अडवणूक करतो’ अशी तक्रार करी.

अशा वेळी समन्वयाचे काम जाणणारा एकच माणूस किती उपयोगी पडतो हे मी पाहिले आहे. एका विद्यापीठाच्या समन्वयक बाई अधिवेशनाच्या आधी प्रत्येक विषयाचे एक पान तयार ठेवत. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे, कोणत्या दिनांकाची स्थिती, संबंधित शासन निर्णयाचा आणि शेवटच्या पत्राचा क्रमांक, एवढेच त्या पानावर असे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास तारांकित प्रश्नाच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा दुरुस्तीसाठी परत आला आणि सकाळी तो द्यायचा होता. इतर विद्यापीठांकडून ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ असे उत्तर येत असताना या बाईंचे पान दहा मिनिटांत आले, आणि त्या पानाच्या खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते : ‘भरलेल्या पदांपैकी दोन व्यक्ती या महिन्याअखेर सेवानिवृत्त होत आहेत, आकडा सांगताना दिनांक अवश्य नमूद करावा.’ ही सूचना नसती तर सभागृहात दिलेला आकडा महिनाभरात चुकीचा ठरला असता.

विधिमंडळाच्या उत्तरांची भाषा वाचायला शिका. ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही चार उत्तरे वरवर साचेबंद दिसतात, पण त्यांतील प्रत्येक शब्दामागे विद्यापीठाने लेखी कळवलेली वस्तुस्थिती असावी लागते. ‘अंशतः खरे आहे’ असे लिहिले की कोणता अंश खरा, ते पुढच्याच वाक्यात सांगावे लागते. मंत्री सभागृहात ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे बोलले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. म्हणून आपल्या विद्यापीठाविषयी सभागृहात काय बोलले गेले याची नोंद समन्वयकाने त्याच दिवशी ठेवली पाहिजे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून विधान परिषदेवर प्रत्येकी सात सदस्य निवडून येतात. त्यांच्याकडे प्राध्यापकांची आणि पदवीधरांची गाऱ्हाणी तुमच्याआधी पोहोचलेली असतात, तेव्हा त्यांच्याशी संबंध केवळ अधिवेशनापुरता ठेवू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नस्तीवर वरिष्ठांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला की विद्यापीठाच्या लोकांना वाटते काम अडले आणि ते ओळखी शोधू लागतात. बहुतेक वेळा त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच असतो की टिप्पणी वाचून वरिष्ठांना काहीतरी समजलेले नाही. कक्ष अधिकाऱ्याला भेटा, न समजलेला मुद्दा कोणता हे विचारा आणि त्याचे उत्तर कागदावर द्या. आधी मंत्र्यांकडे आणि नंतर कार्यासनाकडे जाणाऱ्याचे काम एकदा होईल, दुसऱ्यांदा होणार नाही. निधीच्या बाबतीत तर वेळापत्रकच सर्वस्व आहे. पंतप्रधान उच्चतर शिक्षा अभियानासारख्या योजनेत आपल्या राज्याला ४० टक्के वाटा द्यावा लागतो, आणि राज्याच्या तरतुदीसाठीचा प्रस्ताव पुरवणी मागण्यांच्या (अर्थसंकल्पाखेरीजच्या वाढीव खर्चाच्या मागण्यांच्या) आधी विभागात पोहोचला नाही तर तो पुढच्या अधिवेशनावर जातो. तो किती आवश्यक होता हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

शिकण्यासाठी वेगळा अभ्यासक्रम शोधण्याची आवश्यकता नाही. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार विनामूल्य उपलब्ध आहेत. उच्च शिक्षणाचे गेल्या दोन वर्षांतील निर्णय ओळीने वाचा आणि प्रत्येकातील ‘वाचा’ या शीर्षकाखालील जुन्या संदर्भांचा माग काढा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जवळ ठेवा. ज्यांना बातमी लिहिता येते त्यांना टिप्पणी लिहिणे जड जात नाही; दोन्हीकडे पहिल्या परिच्छेदात मागणी काय आहे ते कळले पाहिजे.

सरोवराकाठी, अमेरिका यांचे उत्तर

मी मूळची नाशिकची. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाच्या संवाद विभागात काम करते. येथे संवाद आणि शासकीय संबंध हे दोन स्वतंत्र विभाग आहेत, आणि शासकीय संबंधांचे सहकारी पुन्हा राज्याच्या राजधानीत आणि वॉशिंग्टनमध्ये असे विभागलेले आहेत. तुमच्या परिस्थितीशी याचे साम्य मर्यादित आहे, तरी एक फरक सांगण्याजोगा वाटतो.

येथील १९९५ च्या संघराज्य कायद्यानुसार संसद सदस्यांकडे किंवा संघराज्य प्रशासनाकडे आपली बाजू मांडण्यासाठी माणसे नेमणाऱ्या संस्थेला दर तिमाहीला त्याचा अहवाल नोंदवावा लागतो. कोणत्या विषयावर पाठपुरावा केला आणि त्यावर किती खर्च झाला हे कुणीही नागरिक पाहू शकतो. त्यामुळे आमच्या सहकाऱ्यांना आपले काम लपवावेसे वाटत नाही. टिप्पणी काकांनी वर्णन केलेल्या बाईंनीही स्वतःहून अशी भेटींची नोंदवही ठेवली असेल, असे मला राहून राहून वाटते.

दोन विभाग वेगळे असले तरी संकटात ते एका टेबलावर येतात. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन अनुदानातील अप्रत्यक्ष खर्चाची मर्यादा सरसकट १५ टक्के करण्याचे जाहीर केले आणि ते सोमवारपासूनच लागू होणार होते. पुढे न्यायालयाने ते रोखले, परंतु त्या शनिवार-रविवारी आम्हाला ते ठाऊक नव्हते. ‘अप्रत्यक्ष खर्च’ हे शब्द ऐकून सामान्य माणसाला वाटते की हा कार्यालयातील गालिच्यांचा खर्च असावा. मी एका कर्करोग प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाला फोन केला आणि रविवारी दुपारी त्याच्यासोबत तेथे गेले. उणे ८० अंशांवर ऊतींचे नमुने ठेवणारे शीतकपाट, त्याची वीज, ते बंद पडल्यास रात्री दोन वाजता येणारा तंत्रज्ञ आणि घातक कचरा नेणारी गाडी, एवढे आम्ही एका पानावर लिहिले. तेच पान शासकीय संबंधांच्या सहकाऱ्यांनी लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांना दिले आणि तेच आम्ही स्थानिक वृत्तपत्रांना दिले. दोन्हीकडे एकच मजकूर गेला याला मी फार महत्त्व देते. शासनाला एक आणि नागरिकांना दुसरे सांगण्याची सवय लागली की दोन्ही विभागांचे शब्द हलके होतात.

समन्वयक, पुणे यांचे उत्तर

खासगी विद्यापीठाच्या बाजूने थोडेच लिहितो. येथे काम वेगाने चालते, पगार तुलनेने बरा असतो आणि शासनाशी संबंध प्रामुख्याने परवानग्यांपुरता असतो : विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माण किंवा विधी अभ्यासक्रम असतील तर त्यांच्या शिखर संस्था, आणि शुल्काचा विषय. वेतन अनुदान नसल्यामुळे मंत्रालयातील फेऱ्या कमी, पोर्टलवरील मुदती मात्र कठोर असतात.

तुम्ही जपून पाहावी अशी जागा जाहिरातीची आहे. माझ्या आधीच्या संस्थेत नव्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी अर्ज केला होता, पत्र यायचे होते आणि प्रवेशाच्या पत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द छापण्याचा आग्रह धरला गेला. मी पत्र पाहिल्याखेरीज मुद्रिते (छपाईपूर्वीचे नमुने) मंजूर करणार नाही असे लेखी कळवले. पंधरा दिवस माझ्याशी कुणी नीट बोलले नाही, पत्रक ‘मान्यतेच्या अधीन’ असे छापले गेले आणि पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. म्हणून नेमणुकीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी त्यात प्रवेशसंख्येचे उद्दिष्ट तुमच्या नावावर टाकले आहे का, हे पाहा. तसे असेल तर पदाचे नाव काहीही असो, ते काम प्रवेश विभागाचे आहे.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार लिहाल अशी अपेक्षा नव्हती. खासगी विद्यापीठाला मी आजच विचारले. त्यांच्या पत्रात प्रवेशाचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे तो पर्याय मी बाजूला ठेवते आहे. सार्वजनिक विद्यापीठाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. कंत्राटी नेमणुकीचा धोका किती समजावा आणि मुलाखतीला काय घेऊन जावे, हे कात्रणवही सरांनी सांगितल्यास बरे होईल.

कात्रणवही

ताई, धोका खरा आहे आणि तो कमी करून सांगणार नाही. अकरा महिन्यांचा आदेश, मग काही दिवसांचा खंड, मग नवा आदेश, असे करत वर्षे जातात. त्या सेवेवर निवृत्तिवेतनाचा हक्क उभा राहत नाही, आणि कुलगुरू बदलले की नव्यांना आपला माणूस हवासा वाटू शकतो. कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो, तेव्हा सध्याच्या कुलगुरूंची किती वर्षे उरली आहेत हे आधी मोजा. वेतन शासनाच्या अनुदानातून आहे की विद्यापीठ निधीतून, पद मंजूर आकृतिबंधात आहे का आणि असल्यास ते नियमित पद्धतीने भरण्याचा प्रस्ताव कुठवर आला आहे, हे तीन प्रश्न मुलाखतीपूर्वी आस्थापना विभागात जाऊन विचारा. पद आकृतिबंधात असेल तर दोन वर्षे कंत्राटावर काढण्यात अर्थ आहे, कारण पुढे जाहिरात निघाल्यावर तुमचा अनुभव मोजला जाईल. नसेल तर वृत्तपत्रातील नोकरी सोडण्यापूर्वी घरी बसून जमाखर्च मांडा. वेळेबाबतही सांगतो : निकालाचे आणि दीक्षान्ताचे दिवस सोडले तर संध्याकाळी सातला मी घरी असे, पण फोन कधीच बंद नसे.

मुलाखतीला तुमच्या सहा बातम्यांची कात्रणे न्या. त्यांत किमान एक त्याच विद्यापीठावर टीका करणारी असू द्या आणि एक अशी, जिच्यात तुमची चूक झाली व तुम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. सोबत त्या विद्यापीठाने गेल्या वर्षभरात वृत्तपत्रांना पाठवलेले खुलासे वाचून जा आणि त्यांपैकी एक तुम्ही कसा लिहिला असता ते एका पानावर लिहून ठेवा. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतील, तेव्हा इतकेच विचारा की परीक्षा विभागाची माहिती मला थेट मिळेल की कुणामार्फत. मी अर्ज केला तेव्हा हे विचारायचे मला सुचले नव्हते. ते उत्तर मला ती मुलगी कात्रण घेऊन आली त्या दिवशी कळले.